सात की आठ

रविवार, रात्री

होडी सातची होती. मला आठची सांगितली होती. निदान दुपारपर्यंत तरी माझं हेच म्हणणं होतं.

आठच्या होडीने गोराईला उतरून शेतांपर्यंत पोचलो तर आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींचा पहिला फेरा संपत आलेला. दव सुकत चाललं होतं. धसकटांतले भारीट उठून गेले होते, शिकारी भोवत्या एकदा खालून फिरून गेला होता, आणि मास्तर 'या, झोप झाली का' अशा चेहऱ्याने चहा ओतत होते. मी काही बोललो नाही. चुकीची वेळ सांगायची आणि वर हे.

भरतीचं गणित मात्र आज चोख जमलं. त्रयोदशी म्हणजे तेरा, तिथीचा आकडा पाऊणपट केला की पावणेदहा, म्हणजे पावणेदहाला पूर्ण भरती. मुंबईची अडचण अशी की मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेला, आणि ते नेमकं बाराच्या सुमारास. त्या दिवशी सकाळी सहाला खाडी रिकामी, पक्षी लांब चिखलावर तिळाएवढे. अष्टमीला भरती सकाळी सहाला येते खरी, पण ती भांगाची, कमी चढणारी. चिखल पुरता बुडत नाही, मग पक्षी शेताकडे यायचं नावच घेत नाहीत. राहता राहिल्या द्वादशी-त्रयोदशी. पाणी पुरेसं चढतं आणि ऊनही डोक्यावर आलेलं नसतं. आज साडेनवाला सोनचिखले आले. कापलेल्या खाचरात उतरले आणि दिसेनासे झाले. पाठीवरचे सोनेरी ठिपके म्हणजे हुबेहूब पेंढा. पक्षी शोधत बसू नये, हालचाल शोधावी: चार पावलं पळतो, थांबतो, टोचतो. पळाला की तेवढ्यात मोजायचं. बावीस.

हे सगळं ठीक. पण लिहायला बसलो ते साडेआठच्या त्या अर्ध्या मिनिटासाठी.

बांधावर बसलो होतो. डोक्यावरून काहीतरी गेलं. आमच्यातल्या धाकटीने मान वर केली, मास्तरांनी केली, त्या नव्या मुलानेसुद्धा केली. मीही केली, पण सगळ्यांच्या वर गेलेल्या बघून.

धाकटीने फोन पुढे धरला. पडद्यावर आवाजाच्या राखाडी रेघा सरकत होत्या. खाली टिटवीचे जाड फराटे, मधे कोतवालाची गिचमिड, आणि अगदी वर, काठाला लागून, एक बारीक रेघ. नखाने ओरखडा काढावा तशी. "वृक्ष तीरचिमणी, काका. अजून ओरडतेय बघा." बघितलं. ऐकायची गोष्ट मी बघितली. दुसरी रेघ आली, तिसरी आली. मी 'हो हो' म्हणालो.

ते 'हो हो' दिवसभर टोचतंय.

तीरचिमण्या, म्हणजे चिमणीसारखे हे छोटे पक्षी, ओळखणं हा कानाचाच विषय. सगळ्या मातकट, सगळ्यांच्या अंगावर रेघोट्या, उन्हात फिकट आणि सावलीत गडद. आपली बारमाही धानातली तीरचिमणी उडताना चिप चिप करते, चिमणीपेक्षा फार वेगळं नाही. थंडीत येणारी रिचर्डची मोठी, तिचा आवाज खरखरीत, दमदार, अर्ध्या शेतापलीकडून कळतो. वृक्ष तीरचिमणीचा एकच बारीक, किंचित फाटका 'टीझ'. कान शाबूत असेल तर काम एका सेकंदात होतं, दुर्बीण उचलावीही लागत नाही. माझ्या कानाने ते किती वर्षं केलं, आणि कधीपासून करत नाहीये हे मला कळलंच नाही. दोन-तीन हिवाळे यादीत वृक्ष तीरचिमणी नाही. मी म्हणत होतो, कमी झाल्यात. सुरूची झाडं तोडली, बांधकामं आली, कमी होणारच. बांधकामं आलीच आहेत म्हणा. त्या कोपऱ्यातल्या खाचराभोवती सिमेंटचे खांब रोवलेत, पण त्याबद्दल आज नको.

म्हणजे पक्षी येत होते. मी एकट्याने त्यांना कमी केलं होतं.

वय वाढलं की वरचे सूर आधी जातात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कानाच्या आत जो शंख असतो त्यात उंच सुरांच्या पेशी अगदी दारापाशी असतात. गोंगाटाचा मारा असो की वयाचा, आधी त्याच झिजतात, उंबऱ्यावरच्या पायपुसण्यासारख्या. खालचे सूर आत सुखरूप. त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतं, आवाज तर येतोय ना! टिटवी ऐकू येते, भारद्वाज ऐकू येतो, मोठ्या तुतारी पक्ष्याची 'ट्यू ट्यू ट्यू' येते. टिटवी तर बहिऱ्यालाही ऐकू येईल.

दुपारी जेवताना ही म्हणाली, "ताटात साखर टाकू का?" मी म्हणालो, कसली आखर? तिने डबा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दिवाळीपासून ती कान तपासून घ्या म्हणतेय. स, श, फ, थ ही सगळी हवेची अक्षरं, वरच्या सुरातली. तीच आधी गळतात. साखरेची आखर होते.

आणि सातचं आत होतं. 'आतची होडी' असं काही नसतं, म्हणून डोक्याने परस्पर आठ केलं.

घास तसाच राहिला. सकाळभर मी मास्तरांशी नीट बोललो नव्हतो, धाकटीला तर 'वेळा नीट कळवत जा' असं ऐकवलं होतं. ती काही बोलली नव्हती. तेव्हा वाटलं चूक कबूल आहे म्हणून गप्प आहे. आता वाटतंय दुसऱ्याच कशासाठी गप्प होती.

संध्याकाळी वही काढली. कान नाही तर काय काय उरतं, ते लिहून काढलं. यादी बरी झाली.

उठवल्यावर कुठे जाते ते बघायचं. शेतातल्या तीरचिमण्या पुन्हा शेतातच उतरतात, वृक्ष तीरचिमणी सरळ झाडावर जाते आणि फांदीवरून शेपूट हलवत चालते. सकाळची तीही आंब्यावर गेली होती. मी बघितलं होतं, फक्त जोडलं नव्हतं. रिचर्डची उतरण्याआधी गवतावर क्षणभर फडफडत थांबते, बसली की छाती काढून ताठ, अंगठ्याचं नख लांबलचक. डोळा आणि चोच यांमधला पट्टा रिचर्डच्या तीरचिमणीत फिकट असतो, वाळूच्या रंगाच्या पिंगट तीरचिमणीत तिथे काळी रेघ, आणि तिची चाल धोबी पक्ष्यासारखी. वृक्ष तीरचिमणीच्या छातीवर रेघा ठसठशीत, बगलेत मात्र केसासारख्या बारीक, नख आखूड. तिची बहीण, हिरवट पाठीची, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात जास्त. तिला ओळखायचं ते कानामागच्या पांढऱ्या ठिपक्यावरून. कानामागचं सुद्धा आता डोळ्यानेच.

एका सेकंदाच्या जागी दहा मिनिटं लागतील. लागू देत. रविवारी मला कुठे घाई असते?

लिहिता लिहिता एक गंमत लक्षात आली. गोराईला सकाळी सूर्य खाडीच्या बाजूने, बोरिवलीच्या इमारतींवरून वर येतो. आणि मतलई वाराही तिकडूनच, जमिनीकडून समुद्राकडे. खारे वारे सुटायला दुपार होते. आवाज वाऱ्याबरोबर चांगला येतो, म्हणून कानाने पक्षी शोधणाऱ्याने समुद्राच्या अंगाला उभं राहून पूर्वेला तोंड करायचं. मग पक्षी दिसतात ते उन्हाविरुद्ध, नुसते काळे ठसे. डोळ्याने शोधणाऱ्याने बरोबर उलट: खाडीकडे पाठ, तोंड पश्चिमेला, ऊन पाठीवरून पक्ष्यावर. आवाज उडून जातो, पण छातीवरची एकेक रेघ मोजून घ्या.

मी अजूनही त्याच पश्चिमेच्या बांधावर जाऊन बसतो. सवयीने. डोळे बारीक करून, ऊन खात, वाऱ्याकडे कान लावून, काहीही न ऐकता. मास्तर केव्हाचे पलीकडच्या बांधावर गेलेत. मला वाटायचं त्यांना चहाची टपरी जवळ पडते.

पुढच्या रविवारी पंचमी येतेय. भरती पहाटे पावणेचारला, म्हणजे चिखल्या-तुतारींचं काही खरं नाही. सगळा वेळ शेताचा. ज्या वाफ्यात पाणी सोडलं असेल तिथे पिवळे धोबी गोळा होतील. ओल शिरली की किडे बाहेर पडतात. त्यांच्यात एखादी तीरचिमणी असतेच. वालाच्या कडेने चालायचं, वालातून नाही, परवा त्या नव्या मुलाला शेतातल्या मावशींनी दिली ती शिवी योग्यच होती.

नऊच्या सुमारास धाकटीला विचारलं, पुढच्या वेळी होडी कितीची. फोन केला नाही, लिहून विचारलं. उत्तर लगेच आलं.

"७. आकड्यात टाकलंय, काका."