सागवानी खणांचं कपाट: सांगाडा उभा, आता खण

सांगाडा उभा राहिला आणि वरचे दोन खण बसले. या वेळी खण बसवण्याबद्दलच जास्त लिहितोय, कारण या कामाचा खरा कस तिथेच लागतो.

आधी मापं. रुंदी 900 मिमी, खोली 450, पायासकट उंची 930. चार खण, वरून खाली 140, 170, 200 आणि 230 मिमी उंचीचे. लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान. सॉ मिलवर नेण्याआधी चुंबक फिरवून सगळे खिळे काढले. एखादा जरी आत राहिला तरी त्यांचं पातं जातं. खणांच्या बाजूंना आणि मागच्या फळीला शिवण झाडाचं 12 मिमी जाडीचं लाकूड घेतलं. हलकं, रंध्याखाली मऊ आणि आकार धरून राहणारं लाकूड आहे, तरी आपल्याकडे फर्निचरला फारसं कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

"शंभर वर्षांचं लाकूड, आता कुठे हलतंय?" असं अनुभवी मिस्त्रीही म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या लाकडाला नवा वाक किंवा पीळ कमी येतो हे खरं, पण हवेतला ओलावा ते घेतं आणि सोडतंच. पुण्यात लाकडातला ओलावा मोजायच्या माझ्या मीटरवर ह्याच फळ्या मे महिन्यात 8 टक्के दाखवत होत्या, आता जुलैत 14 दाखवतायत.

सागवानाचा हिशेब असा: ज्या फळीच्या टोकाला वर्षवलयं आडवी दिसतात, तिची रुंदी ओलाव्याच्या दर 1 टक्क्याला 0.00186 पट बदलते. वलयं उभी दिसत असतील तर 0.00101 पट. म्हणजे 230 मिमीच्या खणाची दर्शनी फळी 6 टक्के फरकाला पहिल्या प्रकारात अडीच मिमीहून जास्त हलणार, दुसऱ्यात जेमतेम 1.4. म्हणून सर्वांत खालच्या खणासाठी गाभ्याशेजारच्या, उभ्या वलयांच्या दोन फळ्या जोडून घेतल्यात. तंतूंच्या लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही आणि कपाटाच्या बाजूंचे तंतू उभे आहेत, त्यामुळे खण ज्या जागेत बसतो तिची उंची मात्र बारा महिने तेवढीच राहते.

आत्ता लाकूड फुगलेलं आहे, तेव्हा वर अर्धा मिमी फट पुरते. हाच खण मेमध्ये बसवला असता तर दोन मिमीच्या आसपास सोडावी लागली असती. खण बसवताना कॅलेंडर बघा, असं मी आग्रहाने सांगेन.

यात एक गोष्ट सहज निसटते. कपाटाची बाजू 450 मिमी खोल आहे, आणि ती खोलीच्या दिशेने वर्षभरात 5 मिमीपर्यंत कमी-जास्त होते. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांचे तंतू मात्र पुढून मागे जातात, त्यामुळे त्यांची लांबी बदलत नाही. पट्टी पूर्ण लांबीला फेविकॉलने चिकटवली तर उन्हाळ्यात बाजूची फळी तडकते. मी पट्टी फक्त पुढे चिकटवली, मागे लांबट भोकात स्क्रू. खण अडवणारे ठोकळेही मागच्या फळीवर न लावता पुढच्या आडव्या दांडीवर लावले. मागे लावले तर दर ऋतूत खणाचं तोंड आत-बाहेर होईल.

पट्ट्या लाकडीच का, खण सरकवायचं लोखंडी चॅनेल का नाही, असं घरीही विचारलं गेलं. चॅनेल बसवायला सोपं, वजनही जास्त पेलतं. पण दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा इंच जागा खातं, आणि हाताने कापलेला डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या दात्यांचा कोपऱ्याचा सांधा) लोखंडी पत्र्यामागे लपवायचा माझा जीव होत नाही.

खणाच्या पुढच्या कोपऱ्यांना हाफ-ब्लाइंड, म्हणजे समोरून न दिसणारा डव्हटेल, दात्यांचा उतार 1:7. सागवानातली सिलिका पटाशीची धार लवकर खाते, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यानंतर दगडावर दोन हात मारतो. फेविकॉलआधी जोडाच्या सागवानी भागावर अॅसिटोनचं फडकं फिरवतो, नाहीतर लाकडाचं तेल सांधा धरू देत नाही.

बसवताना पट्टीवर मऊ पेन्सिल चोळायची आणि खण आत-बाहेर करायचा. जिथे घासतो तिथे खणाच्या खालच्या कडेवर काळा, चकचकीत डाग उमटतो. तेवढ्याच जागेवर रंधा अगदी पातळ लावून एक हात, मग पुन्हा पेन्सिल. दुसऱ्या खणाला हे करता करता संध्याकाळ झाली, पण आता तो एका बोटाने, कोपऱ्यावर ढकलला तरी तिरका न होता आत जातो. शेवटी पट्टीवर मेण.

खणांच्या आतून जवसाचं तेल लावणार नाही. बंद जागेत त्याचा वास महिनोन् महिने राहतो आणि कपड्यांना लागतो. तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे दोन पातळ हात देईन. बाहेरून काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही.

खालचे दोन खण पाऊस संपायच्या आत बसवायचेत. कोकणात किंवा गोव्यात सागवानावर काम करणाऱ्यांनी आपल्या मीटरचे मे आणि जुलैचे आकडे कळवावेत.