लुक्सवाली डिस्क, नोंद ४: संन्यासी सुटला
परवा रात्री दोन वाजता डिस्कला कान लावून बसलो होतो. बायको पाणी प्यायला उठली, माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता परत जाऊन झोपली. डिस्कचा वेग खाणारा चोर मात्र तिथंच सापडला.

मागच्या नोंदीत रडगाणं कुठवर आलं होतं ते आठवत असेल. २ टीबीची बाहेरची डिस्क, तिच्यावर लुक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप), त्यावर एक्स्ट४ फाइलसिस्टीम. आरसिंकनं (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) फोटो ओतायला लागलं की सुरुवातीला सेकंदाला ९५ एमबी, आणि अर्ध्या तासात ११ वर. त्याच डिस्कवरच्या शेजारच्या साध्या, बिनकुलपाच्या पार्टिशनवर मात्र १२०. मी निकाल देऊन टाकला होता: एन्क्रिप्शन खातंय. आणि लुक्स सोडायचं तर नाही, कारण ही डिस्क ताईकडं गडहिंग्लजला राहणार. २०१९ ला कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाणी आलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलावर होते, ती चूक परत नको. पण घराबाहेर राहणाऱ्या डिस्कला कुलूप हवंच.

तर संशयित क्रमांक एक, माझा प्रोसेसर, आय३-२१२०. या पिढीच्या आय३ मध्ये एईएससाठीच्या (लुक्स वापरतं ती कुलपाची पद्धत) खास सूचनाच नाहीत, सगळं गणित प्रोसेसर हातानं करतो. क्रिप्टसेटअपच्या (लुक्स चालवणारा प्रोग्रॅम) बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगचाचणीत, एईएसला सेकंदाला जेमतेम १६८ एमबी. आता १६८ हा आकडासुद्धा डिस्कच्या वेगापेक्षा जास्तच आहे, हे तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्याच सॉकेटचा जुना आय५-२४०० बाराशेला उचलला.

बसवला, तर आकडा तेवढाच! सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी) 'एईएस' शब्दच नाही. अर्धा तास विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग बायोसमध्ये दोन पानं आत एईएसची ओळ दिसली, 'डिसेबल्ड'. चालू केली, बेंचमार्क फिरवला: १४१०. लय भारी वाटलं राव. दोनदा उगीचच परत फिरवला, नुसता बघायला.

मग आरसिंक. ९५, ९५, ९२... आणि अर्ध्या तासानं ११.

प्रोसेसर रिकामा बसलेला, नुसता डिस्कची वाट बघतोय. मग एकेक करून सगळं धुंडाळलं. यूएसबी कार्डावर जोडणी पूर्ण वेगाची (५००० एम), ड्रायव्हरही वेगवान यूएएस, म्हणजे ती बाजू स्वच्छ. केबल बदलली. लुक्स परत घातलं, ४०९६ बाइटच्या सेक्टरनं. कर्नल ५.९ पासून आलेले ते वर्कक्यू (एन्क्रिप्शनच्या कामाची रांग) टाळायचे दोन्ही पर्याय लावले. ते वेगवान एसएसडीसाठी आहेत, आमच्या म्हशीला त्याचं काय. ११ चे १२ सुद्धा झाले नाहीत.

परवा रात्री कंटाळून आरसिंक मारलं, अनमाउंट केलं, लुक्स बंद केलं. आयओस्टॅटवर (डिस्कशी किती देवाणघेवाण चाललीय ते दाखवतं) सगळी शून्यं. डिस्क काढायला हात घातला तर चांगलीच गरम, आणि आत कुरकुर चालू. लाइट पण लुकलुकत नव्हता. दाराला कुलूप, घरात कोणी नाही, आणि आत कोणीतरी सामान सरकवतंय! म्हणून कान लावला. चाळीसेक मिनिटांनी आवाज बंद. लगेच लुक्स उघडून आरसिंक लावलं. ९५.

एसएमआर, दुसरं काय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली ओळ उचलावी लागते, तसं इथं एक फाइल बदलायला बहुधा २५६ एमबीचा अख्खा पट्टा परत लिहावा लागतो. म्हणून डिस्क नवीन माल आधी एका कोपऱ्यात टाकते आणि सवडीनं जागेवर लावते. चार लाख लहान लहान फोटो ओतले की कोपरा भरतो आणि आपण रांगेत उभे. लुक्सचा यात काडीचा संबंध नाही. डिस्कला बिचारीला आपल्यावर काय लिहिलंय तेच कळत नाही.

मग साध्या पार्टिशनवर १२० कसे? माझी परीक्षाच चुकीची. तिथं मी फक्त १५ जीबी टाकले होते, कोपरा भरलाच नाही. वर ते पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे बाहेरच्या लांब ट्रॅकवर, आणि लुक्सचं शेवटी, आतल्या आखूड ट्रॅकवर. बैल एक, शर्यतीच्या वाटा दोन. काल त्याच जागेवर लुक्स काढून तोच सगळा माल ओतला: तिथंही ११. मग एफआयओनं (वेग मोजणारा प्रोग्रॅम), डायरेक्ट, म्हणजे मधल्या रॅमला वगळून, १ एमबीचे ब्लॉक, तीन-तीनदा, तीच जागा: साधं ७४, लुक्स ७३. झालं. एवढ्यासाठी प्रोसेसर बदलला.

वेग मोजायचं एचडीपार्म आता माझ्याकडून कायमचं बंद. ते डिस्कच्या तोंडाशी दोन घास खाऊन जेवण चांगलं म्हणतं. आणि वेग मोजायला डीडी ही कॉपीची आज्ञा वापरायची तर शेवटी एफडेटासिंक लावा (डिस्कवर खरंच लिहून होईपर्यंत थांबतं), नाहीतर रॅमचा वेग मोजून नाचाल. मीही नाचलोय, नोंद १ मध्ये सेकंदाला १.८ जीबी.

दुकानदाराकडं गेलो. "मालक, ही एसएमआर आहे हे सांगायचं तरी." तो म्हणाला, "दोन टीबी हाय की साहेब, अजून काय पायजे?" खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही, त्यामुळं त्याला तरी काय बोलणार. अडीच इंची मोठ्या डिस्क बहुतेक अशाच निघतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

ठरवलं होतं की ही विकायची आणि साडेतीन इंची सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवलेली) घ्यायची, तिला वेगळा अडॅप्टर लागला तरी चालेल. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. बोर्ग हा बॅकअपचा प्रोग्रॅम, तो लहान फायली एकत्र बांधून ५०० एमबीपर्यंतच्या गठ्ठ्यांत लिहितो. म्हणजे कौलं एका ओळीत, मधेच उचलायची भानगड नाही. कॉम्पॅक्ट (नको असलेल्या मालाची जागा मोकळी करणं) मात्र महिन्यातून एकदाच, रात्री. आणि बोर्ग स्वतःच एन्क्रिप्ट करतो, मग खाली लुक्स कशाला? ज्याच्यासाठी चार नोंदी खरडल्या तेच काढून टाकायचं! हसा.

बोर्गचा बॅकअप लावलाय आत्ता. कीचा छापील कागद आईच्या कागदपत्रांच्या डब्यात गेला. ४१० जीबी झाले, वेग ६८, सुरू केल्यापासून फारसा हललेला नाही. मधून मधून कान लावून बघतोय. ताई गुरुवारी येणार आहे, तोवर संपला तर तिच्याबरोबरच पाठवतो.