भेसळीचा शेरा

‘नमुन्यात जीवाणूंची मोठ्या प्रमाणावर भेसळ, डीएनए नव्याने काढून पाठवावा’ असा शेरा मारून सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरे वाचणाऱ्या) केंद्राने आमचा एक नमुना नापास केला. त्याला बरेच महिने उलटले, तरी तो शेरा माझ्या डोक्यातून जात नाही.

नमुना होता रिफ्टिया पॅकिप्टिला या महाकाय नळकृमीचा. पूर्व प्रशांत महासागरात, सुमारे २,५०० मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्यांभोवती हे कृमी नळ्या बांधून राहतात. १९७७ साली गालापागोसजवळ ‘अल्विन’ पाणबुडीतल्या संशोधकांना ते प्रथम दिसले. प्रौढ कृमीला तोंड नसते आणि आतडेही नसते.

थंड पाण्याच्या बंद पेटीतून कृमी जहाजावर आला की हाताशी वेळ थोडा असतो. कायटिनची चिवट नळी आतल्या अंगाला धक्का न लावता उभी कापावी लागते. शरीराला चीर देताच भळाभळा रक्त वाहू लागते. या रक्तातले हिमोग्लोबिन पेशींत बंदिस्त नसून मोकळे विरघळलेले असते आणि ऑक्सिजन व सल्फाइड यांना वेगवेगळ्या जागी धरून एकाच वेळी वाहून नेते. खाली धडात हिरवट-काळपट, लिबलिबीत ट्रोफोसोम, म्हणजे सहजीवी जीवाणूंनी भरलेले ऊतक, असते. त्याची छटा फिकट हिरवी असेल, तर आतल्या जीवाणूंजवळ गंधकाचा भरपूर साठा आहे असे समजावे. हे ऊतक शरीरभित्तीपासून स्वच्छ सोडवून द्रव नायट्रोजनमध्ये टाकणे मला चांगले जमते, हे सांगताना संकोच वाटत नाही. हे काम घाईच्या माणसाचे नव्हे, आणि मोहिमांवर भरणा नेमका घाईच्या माणसांचाच असतो.

कृमीच्या स्वतःच्या जनुकसंचासाठी मी पुढच्या टोकाच्या पिसाऱ्याखालच्या मांसल भागाचा डीएनए पाठवला होता आणि जीवाणूंसाठी ट्रोफोसोमचा. नापास झाला तो दुसरा. अर्जासोबतच्या पत्रात मी सगळे लिहिले होते. ते कोणी वाचले नसावे, कारण अशा ठिकाणी पत्राआधी संगणकाची गाळणी चालते. तिच्या बाजूनेही हिशेब सरळ आहे. कृमीचा जनुकसंच सुमारे ५६ कोटी अक्षरांचा, तर त्याच्या सहजीवी जीवाणूचा, एंडोरिफ्टियाचा, जेमतेम ३५ लाखांचा. दोघांचा डीएनए वजनाने समसमान असला, तरी जीवाणूचे प्रत्येक अक्षर कृमीच्या अक्षराच्या १६० पट वेळा वाचले जाते. एवढा ढीग आणि तोही जीवाणूसारखा दिसणारा, म्हटल्यावर गाळणीने त्याला कचरा ठरवले.

ट्रोफोसोमच्या याच ऊतकात स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेतल्या मेरेडिथ जोन्स यांना गंधकाचे स्फटिक आढळले होते. हार्वर्डमधल्या त्यांच्या व्याख्यानात ते ऐकताच कॉलीन कॅव्हनॉ या विद्यार्थिनीने, इथे गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत, असे सुचवले आणि १९८१ मध्ये तसा पुरावा प्रसिद्ध केला. तोंड नसलेला प्राणी खातो काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गाळणीने टाकून दिलेला हाच ढीग.

एवढे सगळे मी केंद्राला काहीशा तिखट भाषेत कळवले. मात्र पत्र गेल्यावर मनात आले की ‘बाहेरून आलेले जीवाणू’ या अर्थाने शेरा अगदीच चुकीचा नव्हता. आईकडून अंड्यातून हे जीवाणू येत नाहीत. कोवळा कृमी तळाशी बसला की समुद्रातले जीवाणू त्याच्या त्वचेतून आत शिरतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. म्हणजे प्रत्येक पिढीला नव्यानेच संसर्ग व्हावा लागतो आणि ज्याला तो होत नाही, त्याची उपासमार ठरलेली.

मला छळतो तो वेगळाच विचार. रिफ्टियाच्या बाबतीत भांडायला माझ्याजवळ चार दशकांचे संशोधन होते. उद्या एखाद्या अनोळखी कृमीचा नमुना असाच परत आला, तर मीही बहुधा मुकाट्याने डीएनए पुन्हा काढीन, पहिल्यापेक्षा जास्त ‘स्वच्छ’.

केंद्राने अखेर तो नमुना स्वीकारला. अर्जातल्या ‘प्रजाती’ या रकान्यात मात्र आजही एकच नाव बसते. मी तिथे कृमीचे नाव लिहिते आणि खाली, शेऱ्यासाठी सोडलेल्या ओळीत, जीवाणूंचे तुकडे वगळू नयेत, अशी सूचना ठळक अक्षरांत देते.