क्रिएटिनिन वाढलं तेव्हा

सकाळच्या पहिल्या लघवीला फेस यायचा. वर्षभर मी तो बघत होते आणि पाणी ओतून मोकळी होत होते. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.१, म्हणजे शुगर आटोक्यात, मग काळजी कसली? शेवटी इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या नव्या डॉक्टरांनी लघवीची एसीआर तपासणी लिहून दिली, लघवीतून किती प्रथिन जातं ते सांगणारी. आकडा आला २१४. तो ३० च्या आत हवा असतो. मधुमेह होऊन दहा वर्षं झाली, पण ही तपासणी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. त्याचं अजून वाईट वाटतं.

"ताई, किडनीला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. मी पायांकडे पाहिलं. "तिथे नाही दिसायची ही." माझं वजन तेव्हा ८८ किलो. पोटावरच्या चरबीतून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, शिवाय जड शरीरासाठी किडनीच्या गाळण्यांना जास्त दाबाखाली राबावं लागतं. गाळणी ताणली की प्रथिनं निसटतात, तोच फेस. आणि निसटलेली प्रथिनं पुढच्या नळ्यांचा दाह आणखी वाढवतात.

टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी चालू होतीच, तिच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी १० मिलिग्रॅमची आली, रोज एक. ही लघवीवाटे साखर आणि मीठ बाहेर काढते, त्यामुळे गाळणीवरचा दाब उतरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत किडनीचा दाहही कमी झालेला दिसलाय. याच गोळीच्या २०२० च्या डापा-सीकेडी अभ्यासात किडनीचे ४३०४ रुग्ण होते. किडनी खूप बिघडण्याचा किंवा किडनी वा हृदयाच्या विकाराने मृत्यूचा धोका गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी कमी निघाला. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच! तेव्हा कुठे मला पटलं की ही नुसती शुगरची गोळी नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, १.० वरून १.१ झालं, आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ६६ वरून ५९. रात्रभर डोळा लागला नाही. हे म्हणाले, "बंद कर ती गोळी." मी दोन दिवस घेतलीच नाही. मग रिपोर्ट घेऊन गेले, तर डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे एक नळ आणि खाली चाळणी काढली. नळ थोडा आवळला की चाळणीतून पाणी कमी पडतं, पण चाळणी फाटत नाही. सुरुवातीला ईजीएफआर इतका उतरणं अपेक्षितच असतं. ३० टक्क्यांहून जास्त उतरला असता, तर त्यांनी वेगळा विचार केला असता. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

मध्ये या गोळीमुळे लघवीच्या जागी खाजेचा त्रास झाला. मलम आणि स्वच्छतेने आठवड्यात गेला.

खरी अडचण आली हरतालिकेला. उलट्या-जुलाब असोत की निर्जळी उपास, त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, नाहीतर शरीरात पाणी कमी पडू शकतं आणि रक्तात आम्लही वाढू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी निर्जळी सोडली. पाणी प्यायले, फळं खाल्ली, आणि त्यांना विचारून त्या दिवशी गोळीही वगळली. जाऊबाई नाराज झाल्या. देवीला हे चालतं, असं मला मनापासून वाटतं.

सहा महिन्यांनी एसीआर १३२, ईजीएफआर ६१, वजन ८५. पोह्यांवरची शेव कमी केलीय, जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, चिमूटभर.

जाऊबाईंनाही शुगर आहे. काल त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले होते. रिपोर्ट उद्या मिळेल.