गगनबावड्याचा जीप फेरा: आधी ब्रेक, मग टायर

कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, भुईबावडा घाट चढून परत गगनबावडा आणि घर. पावसाळा सरल्यावर आमच्या जीपवाल्या मंडळींनी केलेला हा फेरा. अंतर फार नाही, गगनबावडा कोल्हापुरातून ५५ किलोमीटरच्या आसपास. पण जुन्या जीपची सगळी परीक्षा यात होते: करूळला ब्रेकची, भुईबावड्याला इंजिनाची आणि मधल्या गाडीवाटांवर पाट्यांची (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) नि स्टेअरिंगची. त्यामुळं निघण्याआधी शेडमध्ये काय केलं, तेच इथं जास्त सांगणार आहे. ट्रिप तिथंच ठरते.

गाड्या अशा, सगळ्या महिंद्राच्या: प्युजोचं २११२ सीसी इंजिन असलेल्या एमएम ५४०, एकेकाळी वडापला (गावोगावी माणसं भरून नेणाऱ्या खासगी वाहतुकीला) फिरलेली कमांडर आणि २०१० च्या पिढीची एक थार. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली, आणि आमच्या ५४० मध्ये त्या विलीजचं बरंच काही शिल्लक आहे: चारी बाजूंना पाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि पान्यानं उघडणार नाही असं जवळपास काहीच नाही. म्हणून तर ही गाडी घरी करता येते.

आमचे गुरू म्हणजे कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतले एक मामा. उभी हयात त्यांनी वडापच्या गाड्या दुरुस्त केल्या. दारात, टपावर माणसं बसवून नेणाऱ्या त्या गाड्यांनी जेवढा घाट पाहिलाय तेवढा आमच्या चकचकीत टायरांनी पाहिलेला नाही. कुणी नवा पोरगा मोठे टायर, उंच शॅकल (पाटा गाडीला जोडणारी कडी) घालायचं म्हणत आला की मामा आधी चाक काढायला लावतात. "चढ न्हाय चढली तर माघारी येशील. उतारावर थांबली न्हाय तर?" हे त्यांचं वाक्य आता आमच्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

तर ब्रेक. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबानं ब्रेक ढकलणाऱ्या चाकातल्या नळकांड्याचं) रबर नखानं हलकं उचलून बघा. आत ओल दिसली तर तो सिलिंडर घाटात दगा देणार, बाहेरून कितीही कोरडा दिसो. रबर किट स्वस्त असतं, चारी चाकांचं एकदमच बदला. ड्रमला आत बोट फिरवून पायरी लागते का पाहा. लागली तर लेथवर नेऊन तासून घ्या. शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे इतके आहेत की कोल्हापूरकराला यात सबब नाही. मात्र ड्रमच्या ठरलेल्या मापापलीकडं तासू देऊ नका. पातळ ड्रम तापला की आकार सोडतो.

मग ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची. मास्टर सिलिंडरपासून (पेडलनं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यांत लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं. एकानं पेडल मारून दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं एअर काढायचं निप्पल सैल करायचं, पारदर्शक नळीचं टोक ब्रेक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचं. बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरा. निप्पल आवळल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, यासाठी दोघांमध्ये "धर" आणि "सोड" एवढेच दोन शब्द ठरवून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ओढलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. अर्धवट राहिलेली जुनी बाटली म्हणूनच वापरायची नाही.

बाकीचं पटकन सांगतो. पाटे एक्सलला धरणारे यू बोल्ट आवळणे, शॅकलचे बुश, दांड्याच्या (प्रोपेलर शाफ्टच्या) क्रॉसला आणि ग्रीसच्या प्रत्येक निप्पलला ग्रीस, किंगपिनला (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) प्ले आहे का ते चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून पाहणे. पुढचं चाक ठरावीक वेगाला थरथरत असेल तर स्टेअरिंग डॅम्पर लावून रोग झाकू नका, किंगपिनचं बेअरिंग, टाय रॉड एंड आणि व्हील बॅलन्स बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कुणीही शिरायचं नाही. आमच्यात हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी पान्याला हात लावू देत नाहीत.

पहाटे मिसळ हाणून फुलेवाडी, बालिंगा, कळे असे निघालो. उसाचा हंगाम सुरू असेल तर या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यातल्या काहींना मागं दिवाच नसतो. अंधारात हा पट्टा टाळा, उजाडतानाच निघा. ऐन पावसात मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं. जीप आहे म्हणून त्यात घालणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.

गगनबावड्याच्या अलीकडं ओळखीच्या एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या रानातल्या गाडीवाटेनं ओढ्यापर्यंत गेलो. टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली आणि लाल चिखलात लगेच फरक जाणवला. इथं आमचा सगळ्यांत स्वस्त बदल कामाला आला. एक्सल हौसिंगच्या वर छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असतो. गरम हौसिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. त्या जागी डिझेलची रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधली की काम झालं. ओढा ओलांडल्यावर गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर ते लगेच बदलायचं, पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही. जवळच्या मोरजाईच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) मात्र गाडी घालू नका. तिथल्या कातळावरच्या मातीचा थर बोटभरही नसतो आणि सगळी फुलं त्यावरच जगतात. आम्ही गाड्या खाली लावून चालत गेलो.

चिखलातून डांबरीवर आल्यावर हवा पुन्हा भरली आणि फोर बाय फोर काढला. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळं कोरड्या रस्त्याच्या वळणांवर सगळा ताण दांड्यांवर आणि गिअरांवर येतो. ओले ड्रम पेडल हलकं दाबत दाबत वाळवले, आणि करूळ दुसऱ्या गिअरात उतरलो. खाली येईपर्यंत एकाचंही पेडल मऊ पडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवसातला सर्वांत मोठा आनंद याचाच झाला.

वैभववाडीत मासे जेवून भुईबावडा चढायला लागलो. हा घाट अरुंद आहे, दरडींची माती कडेला पडलेली असते, उतरताना समोरून एसटी चढत आली तर तिला वाट द्या. निम्म्यात कमांडर आचके देत बंद पडली. डिझेलमध्ये एअर. फिल्टरला डिझेलची नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर (वॉशर) घामेजल्यासारखा ओला दिसत होता. नवा वायसर नव्हता. तांबं वापरून वापरून कडक होतं, म्हणून ते बसत नाही. गाडीपासून आणि डिझेलपासून दूर, चहाच्या छोट्या गॅसवर वायसर लालबुंद केला, पाण्यात टाकला, मऊ झाला. तोच परत लावला, फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारला, फेस जाऊन निखळ डिझेल आलं तसा स्क्रू आवळला. मग इंजेक्टरचे नट थोडे सैल करून सेल्फ मारला आणि गाडी धरली. सोबत प्रत्येक मापाचे दोन-दोन तांब्याचे वायसर ठेवा. खिशात मावतात.

बदल करणाऱ्यांसाठी कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ मापाबाहेरचे बदल चालत नाहीत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड काढायचे आदेश केंद्रानं २०१७ अखेर दिले. आणि लष्करी हिरवा रंग कितीही आवडो, तो खासगी गाडीला देता येत नाही. जुनी जीप घेताना आधी आरसी बुक, इंजिन आणि चासी नंबर जुळवा. नोंदणीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि ते रखडलेलं असेल तर सौदा तिथंच थांबवा.

परत आल्या आल्या गाडी धुवायच्या आधी चारी हबना हात लावून बघा. एकच हब जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग आवळलं गेलंय. यू बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, विशेषतः पाटे नुकतेच उघडलेले असतील तर.