माइक कशासाठी?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात चहा घेत होतो. शेजारी एक पोरगा, गळ्यात यूट्यूब चॅनलचं आयकार्ड.

"पुढं काय?" मी सहज विचारलं.

"दोन वर्षं माइक धरायचा काका, मग एखादा धंदा, मग तिकीट! आपले इम्तियाज जलील साहेब नाही का, टीव्हीचे पत्रकार, २०१४ ला आमदार, २०१९ ला खासदार."

"अरे, खासदारकी ४,४९२ मतांनी आली होती. २०२४ ला गेलीपण."

पोरगं हसलं. आमदारकीआधी जलील यांची वीसेक वर्षं बातमीदारीत गेली, हे सांगायचं राहूनच गेलं.

चहाचे पैसे त्यानंच दिले. वर विचारलं, "तुमच्या वॉर्डात पाणी कितव्या दिवशी येतं? बाईट द्या ना."

दिला. पण तो बातमीसाठी विचारत होता की वॉर्डासाठी?