कन्सल्टन्सीतून इंटरव्ह्यूला जाताय? आधी पेरोल कुणाचा ते विचारा

बडोद्यात फार्मात नोकरी शोधायला लागलं की थेट कंपनीचा फोन क्वचितच येतो, येतो तो कन्सल्टन्सीचा. अलकापुरी, रेसकोर्सच्या बाजूला कॉम्प्लेक्समध्ये यांची ऑफिसं, आणि मकरपुरा, नंदेसरी, सावली, पार हालोलपर्यंतच्या कंपन्यांना माणसं हेच पुरवतात. मी क्यूसी केमिस्ट, म्हणजे लॅबमध्ये औषधांचा दर्जा तपासणारी, आत्ताच या सगळ्यातून गेलेय आणि आमच्या दांडिया बाजारातली दोन-तीन मुलं आता तेच करतायत, त्यांना प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

यांना पैसे कोण देतं ते आधी डोक्यात पक्कं करा. कंपनी देते. तुम्ही जॉइन झालात की फी मिळते, साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार धरा, आणि तुम्ही दोन-तीन महिन्यांत सोडलंत तर बहुतेक वेळा त्यांना दुसरा माणूस फुकटात शोधून द्यावा लागतो. म्हणून तर कन्सल्टन्सीतली मुलगी सारखी फोन करून "मॅम, कन्फर्म ना?" विचारत असते, तिचंही टार्गेट असतं बिचारीचं. पण रजिस्ट्रेशनच्या नावाखाली तुमच्याकडे पैसे मागितले की सरळ उठून यायचं. माझ्या मामेभावाकडे मागितले होते, वर "रिफंडेबल आहे" म्हणे. फ्रेशर मुलगा, मामा रिटायर झालेले, त्याच्या खिशात हात घालताना यांना काहीच कसं वाटत नाही, मला आजही चीड येते.

आता माझा इंटरव्ह्यू. कन्सल्टन्सीत काही खास नसतं, आत्ताचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती, अपेक्षा किती, नोटीस पीरियड किती, झालं. खरी परीक्षा कंपनीत. माझ्या वेळी क्यूसीचे हेड समोर होते, गुजराती काका, आवाज अगदी शांत. पहिलाच प्रश्न, रिझल्ट ओओएस आला, म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर सगळ्यात आधी काय करशील? मी म्हटलं, सर, सुपरवायझरला कळवीन आणि सॅम्पलची सोल्यूशन्स, वायल्स काही फेकणार नाही, तपास होईपर्यंत तशीच ठेवीन. "परत इंजेक्शन नाही मारणार?" म्हणजे तेच सॅम्पल मशीनमध्ये परत घालून नाही बघणार, असं त्यांनी मुद्दाम विचारलं. नाही, तपास सुरू झाल्याशिवाय आपल्या मनाने परत इंजेक्ट करायचं नाही. मग एचपीएलसी, म्हणजे सॅम्पल तपासायचं मशीन, त्याची सिस्टिम सुटेबिलिटी, टेलिंग, ऑडिट ट्रेल असे तांत्रिक प्रश्न, सगळं अर्धा-पाऊण तास. मस्त इंटरव्ह्यू झाला, मनात म्हटलं हे काम आपलंच.

मग एचआर राउंड. पगार सांगून झाल्यावर मी विचारलं, ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर येणार? तर उत्तर आलं, एजन्सीच्या. म्हणजे बसायचं कंपनीच्या लॅबमध्ये, काम तेच, जबाबदारी तीच, पण पेरोल एजन्सीचा, म्हणजे पगार एजन्सी देणार आणि कागदोपत्री आपण तिचेच नोकर, आणि ११ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. हे कन्सल्टन्सीने मला तोपर्यंत एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं. माझी पक्की नोकरी होती हातात, मी नाही म्हणून आले. थर्ड पार्टी पेरोल वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही हं, फ्रेशरला चांगल्या लॅबमधला अनुभव मिळत असेल तर खुशाल घ्यावं, पण ते माहीत असून घ्यावं. आणि घेतलंत तर पीएफ खरंच जमा होतोय का ते उमंग ॲपवर पासबुकात दर महिन्याला बघा, नुसतं स्लिपवर कापलेलं दिसतं म्हणून गप्प बसू नका.

सीटीसीचा हिशोब पण तिथेच बसून करा. समजा वर्षाला ३,६०,००० म्हणाले, म्हणजे महिन्याला ३०,०००, पण हातात तेवढे येत नाहीत. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, तुमच्या वाट्याचा १,८००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी सातशेच्या वर, आणि आपल्या गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स २००. राहिले साडेपंचवीस हजारांच्या आतबाहेर. त्यात बोनस किंवा बस-कँटीन सीटीसीत धरलं असेल तर अजून खाली. हालोल इथून ४० किलोमीटरच्या आसपास, तेव्हा बस कंपनीची आहे का आणि कुठून सुटते हे विचारायला लाजू नका, रोजच्या दोन-अडीच तासांचा प्रश्न आहे.

पुढे मला जी नोकरी लागली ती पण कन्सल्टन्सीतूनच, पण ती बाई वेगळीच होती. फोनवर पहिल्याच मिनिटाला कंपनीचं नाव, पेरोल कंपनीचाच, शिफ्ट कुठल्या, सगळं सांगितलं आणि मी हो म्हटल्यावरच सीव्ही पुढे पाठवला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच कंपनीत दोन कन्सल्टन्सींकडून तुमचा सीव्ही गेला की फी कुणाची यावरून त्यांच्यात वाजतं आणि कंपनी कटकट नको म्हणून तुमचंच नाव बाजूला ठेवते, लायक असलात तरी. म्हणून कुठे सीव्ही पाठवताय ते आधी विचारायचं, व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यायचं, आणि कंपनीचं नाव सांगत नसतील तर सीव्ही द्यायचाच नाही, मी तरी आता देत नाही.